बायोडिझेलचं मॉडेल ९८ म्हणतं, भांडं ८५ वर अडतं, आणि वेगस्थिरांक दर बॅचला बदलतात

तेलापासून बायोडिझेल होण्याचा वेग गणिताच्या मॉडेलने मांडणाऱ्यांची तक्रार नेहमी जवळपास सारखीच असते. करंजाचं किंवा तळणीचं तेल, रेणूंच्या हिशेबात सहापट मिथेनॉल, तेलाच्या एक टक्का कॉस्टिक पोटॅश, साठ अंश तापमान, तासभर ढवळणं. तीन पायऱ्यांचं मॉडेल लिहिलं, सहा वेगस्थिरांक (पायरी किती वेगाने पुढे-मागे चालते ते सांगणारे आकडे, क१ ते क६) बसवले, रेघ ठिपक्यांवरून नीट गेली. आठ दिवसांनी त्याच डब्यातलं तेल पुन्हा लावलं तर तेच स्थिरांक चालेनात. क१ निम्मा तरी येतो, नाहीतर दुप्पट. किंवा मॉडेल ९८ टक्के दाखवतं आणि भांड्यातला माल ८५ च्या पुढे सरकत नाही. मग सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा प्रोग्रॅम) बदलला जातो, टॉलरन्स (त्याला दिलेली चुकीची मुभा) घट्ट केला जातो, एखादा सातवा स्थिरांक घुसडला जातो. रेघ जुळते आणि पुढच्या बॅचला पुन्हा मोडते.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात व्हीटीयूचे (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे) शेवटच्या वर्षाचे प्रकल्प असोत की पन्नास-शंभर लिटरची छोटी युनिटं, दुखणं बहुतेक वेळा दोन प्रश्नांशी येऊन थांबतं. भांड्यात उत्प्रेरक खरोखर किती जिवंत होता? आणि काढलेल्या नमुन्यातली अभिक्रिया नेमकी कधी थांबली? दोन्हींची उत्तरं मोजून मिळतात, अंदाजाने नाही. पण त्याआधी गणितावरचा संशय एकदाचा काढून टाकायला हवा.

गणित आधी तपासून बाजूला ठेवा

तीन पायऱ्या अशा (ट्राय, डाय, मोनो म्हणजे तीन, दोन, एक चरबीआम्लं जोडलेले ग्लिसराइड; ट्राय म्हणजे मूळ तेल, एस्टर म्हणजे बायोडिझेल):

ट्राय + मिथेनॉल ⇌ डाय + एस्टर (पुढे क१, मागे क२)
डाय + मिथेनॉल ⇌ मोनो + एस्टर (पुढे क३, मागे क४)
मोनो + मिथेनॉल ⇌ ग्लिसरीन + एस्टर (पुढे क५, मागे क६)

चाचणीसाठी नौरेद्दिनी आणि झू यांनी १९९७ मध्ये सोयाबीन तेलासाठी ५० अंश सेल्सिअसला दिलेले आकडे घ्या: क१ ०.०५०, क२ ०.११०, क३ ०.२१५, क४ १.२२८, क५ ०.२४२, क६ ०.००७, एकक लिटर प्रति मोल प्रति मिनिट. सुरुवातीला ट्राय ०.८१ मोल प्रति लिटर, मिथेनॉल ४.९, बाकी सगळं शून्य. एवढं दिल्यावर कोड बरोबर असेल तर ट्राय तीन-चार मिनिटांत निम्म्यावर येतं, आणि बराच वेळ चालू ठेवलं की एस्टरचं उत्पन्न ८४ टक्क्यांच्या आसपास थांबतं. मिथेनॉल सहापटीऐवजी बारापट केलं तर तोच थांबा ९७ च्या जवळ जातो.

सहापटीला ९८-९९ येत असेल, तर कुठेतरी उलटी पायरी सुटली आहे किंवा क४ च्या जागी क६ गेला आहे. ट्राय निम्मं व्हायला वीस मिनिटं लागत असतील तर संहती मोल प्रति लिटरऐवजी मोल-अपूर्णांकात भरली आहे. साठपट फरक दिसला तर मिनिट आणि सेकंद यांची अदलाबदल. हे सगळं मोडतं ते साध्या चुकांनी, म्हणून तीन बेरजा कोडमध्येच छापून ठेवा: ट्राय, डाय, मोनो आणि ग्लिसरीन यांची बेरीज, मिथेनॉल आणि एस्टर यांची बेरीज, आणि तीनपट ट्राय अधिक दुप्पट डाय अधिक मोनो अधिक एस्टर. तिन्ही बेरजा शेवटपर्यंत जशाच्या तशा राहायला हव्यात.

तापमानासाठी स्थिरांक थेट ५० अंशांच्या मूल्यावरून बदला: ५० अंशांच्या मूल्याला ई चा घातांक [−(सक्रियण ऊर्जा ÷ आर) × (१÷त − १÷३२३.१५)] याने गुणा, त केल्विनमध्ये. क१ ची सक्रियण ऊर्जा त्याच शोधनिबंधात १३,१४५ कॅलरी प्रति मोल आहे. कॅलरी असल्याने आर (वायू स्थिरांक) १.९८७ घ्यायचा. मग ६० अंशांना क१ साधारण ०.०९२ येतो. ०.०५८ आला तर आर ८.३१४ भरला गेलाय, दुसरं काही शोधत बसू नका.

एक्सेलमध्ये पायरी-पायरीने सोडवणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. मोनोचा स्तंभ करवतीसारखा वरखाली होतो, मधेच उणे जातो. क४ मोठा आहे, एस्टर साचल्यावर मोनो फार पटकन मागे फिरतं, आणि अर्ध्या मिनिटापेक्षा मोठी पायरी साध्या ऑयलर पद्धतीला झेपत नाही. पायरी ०.०५ मिनिट करा. पायथन किंवा सायलॅबमध्ये तयार सॉल्व्हर हे स्वतः सांभाळतात; तिथे निरपेक्ष टॉलरन्स दहाचा उणे आठवा घात पुरे.

इथवर सगळं जुळलं तर कोड बंद करा आणि प्रयोगशाळेत या.

उत्प्रेरक: वजन केलेला आणि जिवंत असलेला

वर दिलेले सहाही आकडे खरे स्थिरांक नाहीत, त्यांच्या पोटात उत्प्रेरकाचं प्रमाण दडलेलं आहे. ते मोजले गेले तेव्हा तेलाच्या ०.२ टक्के कॉस्टिक सोडा होता. उत्प्रेरक बदलला की सहाही आकडे साधारण त्याच पटीत बदलतात. म्हणून मॉडेलमध्ये प्रत्येक क हा 'क-शुद्ध गुणिले जिवंत उत्प्रेरक' असाच लिहा. हे एक केलं नाही तर पुढचं काहीच टिकत नाही.

आता हिशेब जवळून बघा. एक किलो तेल, तराजूवर दहा ग्रॅम पोटॅश. पोटॅशच्या गोळ्यांची शुद्धता साधारण ८५ टक्के असते, उरलेलं बहुतेक पाणी आणि थोडं कार्बोनेट. म्हणजे खरं पोटॅश साडेआठ ग्रॅम. तेलाची ॲसिड व्हॅल्यू (ग्रॅमभर तेलातली मोकळी आम्लं मारायला लागणारं पोटॅश, मिलिग्रॅममध्ये) ४ असेल, म्हणजे मोकळी चरबीआम्लं सुमारे दोन टक्के, तर किलोमागे चार ग्रॅम पोटॅश साबणात जातं. हाती उरलं साडेचार. हेच ताज्या, स्वच्छ तेलात पूर्ण साडेआठ राहिलं असतं. मोलमध्ये बोलायचं तर स्वच्छ तेलातला उत्प्रेरक त्या सोयाबीन प्रयोगाच्या तिप्पट, आणि ॲसिड व्हॅल्यू ४ च्या तेलात जेमतेम १.६ पट. क१ जवळपास निम्मा झाला तो इथेच. तापमान, ढवळणं, सॉल्व्हर यांपैकी कुणाचाही त्यात दोष नाही.

ॲसिड व्हॅल्यू प्रत्येक बॅचच्या आधी काढा, डब्यावरची जुनी नोंद धरू नका. पाच ग्रॅम तेल अचूक तोला, पन्नास मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कोमट करून विरघळवा, फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब, आणि ०.१ नॉर्मल पोटॅश गुलाबी रंग तीस सेकंद टिकेपर्यंत. तेवढ्याच अल्कोहोलचं कोरं टायट्रेशन करून ते मिली वजा करा. ३.५७ मिली लागले तर ॲसिड व्हॅल्यू बरोबर ४. करंजाचं तेल गडद असलं की गुलाबी छटा दिसत नाही. तेव्हा तेल दोन ग्रॅमवर आणा आणि अल्कोहोल वाढवा, किंवा थायमॉल ब्लू वापरा.

दोन टक्क्यांच्या वर आम्लं असली तर आधी सल्फ्युरिक आम्लाने एस्टर करण्याचा टप्पा लावला जातो. ते योग्यच आहे, पण तिथेच आणखी एक गळती सुरू होते. त्या टप्प्यानंतर तेलात राहिलेलं प्रत्येक ग्रॅम सल्फ्युरिक आम्ल १.१४ ग्रॅम पोटॅश खातं. खालचा मिथेनॉल-पाण्याचा थर काढून तेल तसंच पुढे नेलं तर ॲसिड व्हॅल्यूमध्ये ते आम्लही मोजलं जातं, तेव्हा पहिल्या टप्प्यानंतर टायट्रेशन पुन्हा करायचंच. 'आधी काढली होती, आता कमीच झाली असणार' हे चालत नाही. त्या टप्प्यात पाणीही तयार होतं. तेल सुकवल्याशिवाय उत्प्रेरक टाकलं तर ते पाणी साबणाला मदत करतं.

पोटॅशचाही भरवसा धरू नका. जून ते सप्टेंबर खानापूरच्या बाजूला हवेत इतकी ओल असते की उघड्या बरणीतल्या गोळ्या काही मिनिटांत ओलसर होतात, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्यांचं कार्बोनेट होत राहतं. कार्बोनेट मिथेनॉलमध्ये नीट विरघळत नाही. पोटॅशचं मिथेनॉलमधलं द्रावण गढूळ राहून तळाशी पांढरा गाळ बसत असेल, तर बरणी जुनी झाली. आकडा हवा असेल तर एक ग्रॅम पोटॅश उकळून गार केलेल्या पाण्यात शंभर मिलीपर्यंत न्या, त्यातले दहा मिली ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाने टायट्रेट करा. फिनॉल्फ्थॅलीनचा रंग जाईपर्यंतचे मिली लिहा, मग मिथिल ऑरेंज घालून पुढे लागलेले मिली वेगळे लिहा. पहिल्यातून दुसरे वजा केले की खऱ्या हायड्रॉक्साइडचे मिली मिळतात. शंभर टक्के शुद्ध असतं तर १७.८ आले असते, ८५ टक्क्यांना सुमारे १५.१ येतात. बारा-तेरा आले तर ती बरणी नळीसफाईला ठेवा आणि नवी आणा.

मिथेनॉलबद्दल एकदाच सांगायचं: ते विषारी आहे, त्वचेतूनही शरीरात जातं, ज्योत दिवसाच्या उजेडात दिसत नाही. पोटॅश विरघळताना द्रावण तापतं. झाकण असलेलं भांडं, हातमोजे, चष्मा, मोकळी हवा, आणि जवळपास गॅस शेगडी नको.

भांड्यात टाकल्यानंतरही उत्प्रेरक स्थिर राहत नाही. पाणी असेल तर एस्टर आणि ग्लिसराइड दोन्हींचा साबण होत राहतो आणि वेग उतरत जातो. साध्या कामासाठी उत्प्रेरकाला एक उताराचा स्थिरांक द्या, जिवंत उत्प्रेरक वेळेसोबत घातांकी पद्धतीने कमी होतो असं धरून. पण तो स्थिरांक रेघ जुळवून काढू नका, मोजा. पाच, वीस, साठ मिनिटांचे थोडे जास्त मोठे, आम्ल न घातलेले नमुने आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये घेऊन लगेच ०.०१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाने टायट्रेट करा: फिनॉल्फ्थॅलीनला मोकळा अल्कली संपतो, मग ब्रोमोफिनॉल ब्लूला साबण. एका बीकरमध्ये दोन्ही आकडे.

८५ वर अडलंय ते समतोलाने की उत्प्रेरक मेल्याने?

दोन्ही वेळी आलेख सारखाच सपाट दिसतो. नुसत्या आलेखाकडे बघून कुणालाही हे सांगता येत नाही, कितीही अनुभव असला तरी. म्हणून ही फाटा-चाचणी करा; एक दुपार पुरते.

साठ मिनिटांनी, ढवळणं चालू असतानाच, दोनशे-दोनशे मिलीचे तीन भाग तीन बंद फ्लास्कमध्ये घ्या. तिन्ही एकाच तापमानाच्या पाण्यात, तिन्हींत सारखं ढवळणं. पहिल्यात काहीच घालू नका. दुसऱ्यात आठ मिली कोरं मिथेनॉल. तिसऱ्यात आठ मिली मिथेनॉल, पण त्यात ०.३ ग्रॅम पोटॅश विरघळवलेलं. अर्ध्या तासाने तिन्ही मोजा.

पहिलाच वर सरकला असेल तर काही अडलेलं नव्हतं, अभिक्रिया फक्त संथ होती. दुसरा आणि तिसरा दोन्ही सारखेच वर गेले तर तो समतोल होता. सोयाबीनच्या आकड्यांप्रमाणे एवढ्या मिथेनॉलने थांबा ८४ वरून ८९ च्या आसपास जायला हवा, म्हणजे फरक मोजमापाच्या चुकीत हरवणार नाही. फक्त तिसरा हलला तर उत्प्रेरक संपला होता, आणि मॉडेलच्या उलट्या पायऱ्यांना हात लावायची गरज नाही. कुणीच हललं नाही तर तेलात मुळात अभिक्रिया न करणारा भाग आहे किंवा मोजणीच चुकतेय, त्याबद्दल पुढे.

समतोल निघाला तर एक गोष्ट लक्षात घ्या. तीन पायऱ्यांचं मॉडेल सगळं एकाच द्रवात आहे असं समजतं. प्रत्यक्षात ग्लिसरीन वेगळं होऊन तळाशी जातं आणि जाताना मिथेनॉल व उत्प्रेरकही घेऊन जातं. म्हणून युनिटमध्ये पहिलं ग्लिसरीन काढून, ताजं मिथेनॉल व थोडं उत्प्रेरक घालून दुसरा टप्पा लावतात. हे मॉडेलमध्ये दाखवायचं तर दोन टप्पे वेगळे चालवा: दुसऱ्याच्या सुरुवातीला ग्लिसरीन शून्याजवळ, मिथेनॉल नव्याने मोजलेलं. एकाच धावेत ओढून-ताणून क६ लहान करणं म्हणजे दुखणं झाकणं.

पहिली पाच मिनिटं

क१ ची सगळी माहिती पहिल्या पाच मिनिटांत असते, आणि नेमक्या त्याच पाच मिनिटांत तापमान भलतंच असतं. एक किलो तेल ६० अंशांवर आहे, त्यात २१८ ग्रॅम मिथेनॉल २५ अंशांचं ओतलं. तेलाची उष्माधारकता साधारण २ किलोज्यूल, मिथेनॉलची २.५ धरा, मिश्रण साडेबावन्न अंशांवर येतं. डिसेंबरच्या सकाळी द्रावण १५ अंशांचं असेल तर पन्नासवर. साठ आणि साडेबावन्न यांत क१ चा फरक दीडपटीहून जास्त आहे. वॉटर बाथवरचा आकडा मात्र पूर्ण वेळ साठच दाखवतो. तापमापी भांड्याच्या आत, द्रवात ठेवा, पहिली दहा मिनिटं दर पंधरा सेकंदांनी लिहा आणि तीच तापमानं मॉडेलला द्या. किंवा मिथेनॉलचं द्रावण बंद बाटलीत आधी पन्नासपर्यंत कोमट करा आणि तेल त्या मानाने बेतून ठेवा.

उलट बाजूही आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे. पुस्तकात मिथेनॉलचा उत्कलनबिंदू ६४.७ अंश दिलेला असतो, इथे ते ६२ च्या थोडं वर उकळतं. 'पुस्तकात ६५ पर्यंत चालतं' म्हणून ६३-६४ ला लावलेल्या बॅचमध्ये मिथेनॉल द्रवातून वर जाऊन कंडेन्सरमध्ये फिरत राहतं. मॉडेलला वाटतं ४.९ मोल आहे, द्रवात असतं त्याहून कमी. मग ६४ अंशांचा स्थिरांक ५८ च्यापेक्षा लहान निघतो आणि सक्रियण ऊर्जा वेडीवाकडी येते. इथे ५८ च्या वर प्रयोग लावू नयेत हे सरळ मत आहे. वरचं तापमान हवंच असेल तर बंद, दाब सहन करणारं भांडं लागतं. अथणी-कागवाडकडे उतरलं की उंची कमी होते आणि हा फरकही, पण जात नाही.

तिसरी गोष्ट ढवळण्याची. तेल आणि मिथेनॉल एकमेकांत विरघळत नाहीत. सुरुवातीला वेग अभिक्रियेचा नसतो, थेंब किती बारीक होतात त्याचा असतो. एस्टर थोडं तयार झालं की दोन्ही एकत्र येतात आणि मग वेग उसळतो. आलेखाला त्यामुळे सुरुवातीला इंग्रजी एससारखी वळण येते, जी दुसऱ्या कोटीच्या समीकरणातून कधीच निघणार नाही. कोणत्याही स्थिरांकाने ती जुळवायला जाऊ नका. तीच बॅच मिनिटाला ३००, ६०० आणि ९०० फेऱ्यांना लावा. क१ फेऱ्यांसोबत वाढत असेल तर तो रसायनाचा आकडा नाही. ज्या वेगानंतर तो बदलायचा थांबतो त्याच्या वर काम करा. मधेच वीज गेली आणि ढवळणं थांबलं तर तो भाग मॉडेलमधून कापून चालत नाही, थर वेगळे झालेले असतात. ती बॅच वेगासाठी सोडून द्या.

नमुन्याच्या बाटलीत चालू राहिलेली अभिक्रिया

दोन मिनिटांचा नमुना काढला, बाटलीत भरला, झाकण लावलं, दुसऱ्या दिवशी जीसीला (गॅस क्रोमॅटोग्राफीला, म्हणजे घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राला) दिला. तो नमुना दोन मिनिटांचा राहिलेलाच नाही. उत्प्रेरक आत आहे, मिथेनॉल आत आहे, खोलीच्या तापमानालाही अभिक्रिया चालू राहते. त्यामुळे सुरुवातीचे नमुने जास्त रूपांतर दाखवतात, क१ फुगतो, आणि नमुने किती तासांनी मोजले त्यावर तो बदलत राहतो. फ्रीजमध्ये ठेवल्याने वेग कमी होतो, थांबत नाही.

नमुन्याच्या नळ्या आधीच बर्फात ठेवा, प्रत्येकीत ०.१ मिली ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड. एक टक्का पोटॅशच्या बॅचमध्ये पाच मिली नमुन्यात सुमारे ०.५५ मिलीमोल अल्कली असतो आणि एवढं ॲसेटिक ॲसिड त्याच्या तिप्पट होतं, म्हणजे चांगला पुरवठा. नमुना पडताक्षणी झाकण लावून दहा सेकंद जोरात हलवा, आणि वेळ लिहा ती आम्लात पडल्याची, पिपेट बुडवल्याची नाही. नंतर हेक्झेन आणि पाण्याने धुवा, वरचा थर निर्जल सोडियम सल्फेटवर सुकवा, मग जीसी. ग्लिसरीन मात्र पाण्यात जाईल, ते हवं असेल तर धुण्याआधी वेगळा भाग ठेवा.

ढवळणं बंद करून नमुना कधीही घेऊ नका. अर्ध्या मिनिटात थर व्हायला लागतात आणि वरून घेतलेल्या नमुन्यात एस्टर जास्त, ग्लिसरीन नाहीसं. नळी ढवळणीच्या पात्याच्या उंचीला बुडवा, आणि नळीत आधीचं जे साचलेलं असतं ते टाकून द्या.

झटपट तपासणीसाठी तीन मिली बायोडिझेल सत्तावीस मिली मिथेनॉलमध्ये हलवण्याची चाचणी बरेच जण करतात: तळाशी थेंब राहिले नाहीत तर माल ठीक. ती वीस अंशांच्या आसपासच खरी. एप्रिलमध्ये खोली तेहतीस अंशांवर असते आणि मिथेनॉल जास्त तेल विरघळवतं, मग कच्चा मालही पास होतो. मिथेनॉल पाण्यात गार करून घ्या. आणि ही चाचणी फक्त न फुटलेल्या ट्रायबद्दल बोलते, मोनो-डायबद्दल गप्प असते. तुमच्या मॉडेलला तिचा आकडा देऊ नका.

डब्यात काय आहे

सीमाभागात तेलाचे डबे कानडी नावांनी फिरतात. होंगे एण्णे म्हणजे करंज, हिप्पे एण्णे म्हणजे मोह, बेवु म्हणजे कडुनिंब. होंगे आणि हिप्पे घाईत ऐकताना सारखे वाटतात, आणि मोहाच्या तेलात संपृक्त आम्लं करंजापेक्षा खूप जास्त असतात. डबा उघडल्यावर वास आणि रंग दोन्ही बघा. करंजाचा कडवट उग्र वास चुकत नाही.

भजी-वड्याच्या गाड्यांवरचं तळणीचं तेल बहुतेक पामोलिनच्या घराण्यातलं असतं. थंडीत त्याचा जड भाग डब्याच्या तळाशी गोठून बसतो. वरून काढलेली बॅच वेगळी, तळातून काढलेली वेगळी. डबा पन्नासपर्यंत तापवून पूर्ण ढवळल्याशिवाय नमुना नको. शिवाय या तेलात तळतानाच डाय आणि मोनो तयार झालेले असतात. त्यांची सुरुवातीची किंमत शून्य भरणं ही नेहमीची चूक आहे. बॅच लावण्याआधीच एक जीसी करा आणि तेच आकडे सुरुवातीला द्या. तळून जोडले गेलेले जड रेणू जीसीच्या कॉलमातून बाहेरच येत नाहीत, म्हणून बेरीज शंभर भरत नाही. करंजात करंजीन आणि पोंगॅमॉलसारखे साबण न होणारे घटक असतात, तेही तसेच. अंतर्गत प्रमाण (नमुन्यात मोजून घातलेला ओळखीचा पदार्थ) न वापरता क्षेत्रफळाची टक्केवारी काढली तर हे सगळं लपून राहतं आणि रूपांतर खोटं वाढतं.

रेणुभार पुस्तकातून घेण्याऐवजी काढता येतो: १,६८,३०० भागिले (सॅपोनिफिकेशन व्हॅल्यू वजा ॲसिड व्हॅल्यू). सॅपोनिफिकेशन व्हॅल्यू म्हणजे ग्रॅमभर तेलाचा पूर्ण साबण करायला लागणारं पोटॅश, मिलिग्रॅममध्ये. १९४ आणि ३ असतील तर ८८१. आकडा नऊशेच्या बराच वर निघाला तर साबण न होणारा भाग मोजणीत आला आहे. तेवढा तेलाच्या वजनातून वजा करूनच मिथेनॉलचं प्रमाण ठरवा.

आता स्थिरांक बसवायचे

फक्त एस्टरच्या आकड्यांवरून सहा स्थिरांक निघत नाहीत. सॉल्व्हर काहीतरी देतोच, पण सुरुवातीचा अंदाज बदलला की उत्तरही बदलतं. ट्राय, डाय, मोनो, एस्टर चारही हवेत. वेळा पुढे दाट ठेवा: अर्धं, एक, दोन, तीन, पाच, आठ, बारा, वीस, तीस, साठ मिनिटं. दर दहा मिनिटांनी सहा नमुने घेण्याची सवय असते. त्यात क१ ते क४ जवळजवळ अदृश्य होतात.

स्थिरांकांचे लॉग बसवा म्हणजे कुणी उणे जाणार नाही. मोनोचे अवशेष (मोजलेला आणि मॉडेलचा आकडा यांतला फरक) ट्रायच्या बरोबरीने तोलू नका, मोनो ट्रायच्या मानाने फारच थोडं असतं, वजन न दिल्यास सॉल्व्हर त्याच्याकडे बघतच नाही. आणि मोनो महत्त्वाचं आहे. बायोडिझेलच्या भारतीय मानकात, आयएस १५६०७ मध्ये, एकूण ग्लिसरीनची (मोकळं आणि ग्लिसराइडमध्ये बांधलेलं मिळून) मर्यादा ०.२५ टक्के आहे, आणि मालात एक टक्का मोनो राहिलं तर तेवढ्यानेच ती ०.२६ होते. एस्टर ९६.५ च्या वर असूनही माल नापास होतो तो याच कारणाने.

वेगवेगळ्या दहा-वीस सुरुवातींपासून बसवून बघा. क१ आणि क२ एकमेकांसोबत वाढत-घटत असतील पण त्यांचं गुणोत्तर तेच राहत असेल, तर तुमच्या आकड्यांत फक्त समतोल आहे, वेग नाही. पहिल्या पाच मिनिटांचे नमुने वाढवा. दोन तापमानांवरून सक्रियण ऊर्जा काढू नका, किमान ४०, ४८ आणि ५६ घ्या. आणि बसवताना वापरली नाही अशी एक बॅच बाजूला ठेवा, शक्यतो वेगळ्या ॲसिड व्हॅल्यूच्या डब्यातली. जिवंत उत्प्रेरकाचा टायट्रेशनने काढलेला आकडा तेवढा बदला, सहा क-शुद्ध तसेच ठेवा. अंदाज आणि जीसी यांत दोन-तीन टक्क्यांचाच फरक राहिला, तर हे स्थिरांक कोरडं तेल, मोजलेलं पोटॅश आणि ५८ खालचं तापमान असलेल्या पुढच्या डब्यालाही लागू पडतात.